बालगृह की एखादं कुटुंब?

आईबापापासून तुटलेलं मूल कुठे ठेवायचं, मोठ्या बालगृहात की एखाद्या फॉस्टर कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ सांभाळणाऱ्या घरात? माझं मत सरळ आहे, कुटुंबात, आणि मूल जितकं लहान तितकं लवकर. बालगृहात जेवण, कपडे, शाळा सगळं वेळेवर मिळतं हो, पण रात्री दचकून उठलेल्या पोराला जवळ घेणारं माणूस दर शिफ्टला बदलतं, मग काही पोरं रडायचीच थांबतात आणि आपल्याला वाटतं बाळ शहाणं झालंय. रोमानियात बुखारेस्टला संस्थांमधल्या 136 लहान मुलांवर अभ्यास झाला, निम्मी फॉस्टर घरांत दिली, ती जास्त सावरली, बुद्धीनेही आणि जीव लावण्यातही, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली तर आणखीच.

पण फॉस्टर म्हणजे आंधळा भरवसा नव्हे, घराची चौकशी, ट्रेनिंग, अधूनमधून भेटी हव्यातच, आणि भावंडांची ताटातूट नको. युनोच्या 2009 च्या गाईडलाईन्सही तेच म्हणतात, तीन वर्षांखालच्यांना शक्यतो कुटुंबच. बालगृह लागतं ते थोड्या दिवसांसाठी, किंवा मोठ्या मुलाला स्वतःलाच नवं घर नको असेल तेव्हा, तेही छोटं हवं.

आणि मूल कुठेही असो, नातेवाईकांचा शोध थांबवू नका, आजी-मावशी सापडली तर आधी तिला विचारा.