अण्णांची हेल्थ पॉलिसी: १२ वर्षं हप्ते भरून एक स्टार

कंपनीचं नाव घेत नाही, पण अनुभव लिहितोय. वडील ७६ वर्षांचे, १२ वर्षं एकाच कंपनीची ३ लाखांची पॉलिसी, आजवर एकही क्लेम नाही. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन.

कॅशलेस (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते तो) क्लेम टाकला तर पहिली क्वेरी काय, पडताना पेशंट दारूच्या नशेत नव्हता असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या. अहो गळ्यात तुळशीची माळ आहे माणसाच्या! बरं तेही दिलं. मग दुसरी क्वेरी, बीपी कधीपासून आहे, त्याची पहिली चिठ्ठी आणा. बीपी २० वर्षांपासून, ज्या डॉक्टरांनी पहिली गोळी लिहिली ते जाऊन पण जमाना झाला, दवाखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, चिठ्ठी काय तिथून आणू? आणि बीपी तर फॉर्मवर पहिल्याच वर्षी लिहिलंय. शिवाय ५ वर्षं सलग हप्ते भरले की जुनं दुखणं लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फ्रॉड सिद्ध केला तरच, हा आयआरडीएआयचाच, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचाच नियम. हे हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कच्या (विम्याच्या क्लेमचं काम बघणारा काउंटर) मुलीला सांगितलं तर ती बिचारी म्हणते, काका मला माहितीये, वरून येतं हो सगळं.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर सकाळी १० ला घरी जा म्हणून सांगून गेले, फायनल अप्रूव्हल आलं रात्री साडेआठला. अण्णा कपडे बदलून, वॉकर धरून, दर पाच मिनिटांनी "झालं का रे?" खरं तर ३ तासांत उत्तर द्यायचं असतं, उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. मला हे नंतर कळलं, तोवर एका दिवसाचं रूमभाडं आम्हीच भरलेलं.

बिल २,७४,०००, मंजूर २,०९,०००. रूम ३,००० च्या लिमिटमधली हवी होती, आम्ही ४,५०० ची घेतली, कारण तीच रिकामी होती. मला वाटलं वरचे दीडहजार रोजचे जातील, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर सगळ्यांच्या बिलातून त्याच प्रमाणात तिसरा हिस्सा कापला. एजंटने १२ वर्षांत एकदा तरी सांगायचं ना!

आणि प्रीमियम? तीन वर्षांपूर्वी एका झटक्यात ४० टक्के वाढवला. आता ज्येष्ठांना वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ आयआरडीएआयला न विचारता करता येत नाही, जीएसटी पण गेला, तेवढंच. सोडून दुसऱ्या कंपनीत जायचं म्हटलं तर नवी पॉलिसी ६५ वर्षांपर्यंतच ही अट २०२४ पासून कागदावर नाहीये, पण दोन ठिकाणी फोन केले, वय सांगितलं की आवाजच बदलतो.

कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला मेल टाकलाय. महिन्यात उत्तर नाही आलं तर नारायण पेठेत विमा लोकपालांकडे जाणार, तिथे फी नाही, वकील पण लागत नाही. कोणी गेलं असेल तर सांगा, कापलेल्या पैशाचा हिशोब कसा मांडायचा ते. तो एक स्टार टीपीएच्या मुलीला, तिने अण्णांना दोनदा चहा आणून दिला.