रायवळ की हापूस?

आजोबांच्या वाडीत दोन्ही आंबे होते. हापूसची कलमं घरामागच्या कातळावर, ओळीत. रायवळ, म्हणजे गावठी आंबे, व्हाळाच्या, ओढ्याच्या काठी. ते कुणी लावले, आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

हापूस झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट उतरवायचा, पेंढ्याच्या आढीत पिकायला घालायचा. आढीला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही, कारण तो विकायचा. आमच्या वाट्याला डागी. वर लाडही फार: एक वर्ष धरला की पुढच्या वर्षी रुसणार, आणि देखणा आंबा कापावा तर आत साका, पांढरट बेचव गर! चवीबद्दल मात्र वाद नाही.

रायवळ फुकटचा. पहाटे टोपली घेऊन पळायचं, रात्री वाऱ्याने पाडलेले वेचायचे, चीक पिळून चोखायचे. दातात धागे, कोपरापर्यंत रस. कोयीपासून वाढलेला, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. एकाला तर चक्क शेपूचा वास. आजी त्याचं कोयाडं, म्हणजे आंबट-गोड रस्सा, करायची, उरलेल्या रसाची साठं, म्हणजे आंबापोळी, उन्हात घालायची.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं कलम बांधायला खुंट, म्हणजे खालचं मुळाचं रोप, लागतो तो रायवळच्याच कोयीचा, हे पेटीवर कुणी लिहीत नाही. पाहुण्यांना मी हापूसच कापतो. एकटा असलो की रायवळ शोधतो.