भाकरी कधी फिरवायची ते मावशींना विचारा (साताऱ्यातली खानावळ)

साताऱ्यात स्टँडमागच्या गल्लीत एक छोटी खानावळ आहे, पाटी पार पुसून गेलीये पण भाजलेल्या ज्वारीचा वास आला की समजायचं पोचलो. चार टेबलं, एक टीव्ही, आणि तवा अगदी गिऱ्हाइकाच्या समोर. मी गेलो तेव्हा टीव्हीवर निवडणुकीची चर्चा चाललेली आणि अँकर कुणाची तरी भाकरी फिरवत होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये शरद पवार बोलले, भाकरी वेळेवर फिरवली नाही तर करपते, तेव्हापासून कुठल्याही पक्षात शाखाप्रमुख बदलला तरी चॅनलवर भाकरीच फिरते. (लहानपणी कोडं होतं ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, तेच हे.)

इथं खरीखुरी फिरताना बघा. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरनं पाण्याचा हात, ते पाणी सुकत आलं की लगेच पलटी, उशीर झाला तर वर तडे जातात आणि घाई केली तर चिकटते, मग थेट जाळावर, टम्म. मी विचारलं, मावशी करपते कधी हो? तर म्हणाल्या, "लक्ष टीव्हीत गेलं की."

पुढाऱ्यांच्या भाषणात उलथनं कायम बोलणाऱ्याच्या हातात, भाकरी दुसराच कुणीतरी. पवारांनी निदान २ मे ला पक्षाध्यक्षपदाचा राजीनामा जाहीर करून स्वतःला तव्यावर टाकलं, पण ५ मे ला मागे घेतला, म्हणजे भाकरी फिरली आणि परत त्याच बाजूवर आली. त्यापेक्षा कुस्ती बरी. २०१९ ला फडणवीस म्हणायचे आमचे पैलवान तेल लावून तयार पण समोर कोणीच नाही, आणि त्याच ऑक्टोबरात इथंच साताऱ्यात पवार भर पावसात भिजत बोलले, ती सभा लोकं अजून सांगतात. डबल इंजिन, ट्रिपल इंजिन मात्र मला अजिबात पचत नाही, त्यात आपण मतदार म्हणजे नुसता डबा.

असो. पिठलं झकास, ठेचा जपून खा, वांग्याला तेल जरा जास्तच. फोनवरनं पैसे घेत नाहीत, सुट्टे न्या. पाचपैकी साडेचार, अर्धा टीव्हीच्या आवाजाचा कापला. आणि दोनच्या आत जा, नंतर बाजरीची संपलेली असते.