साथ रोखण्याचं साहित्य: फुकट वाटावं की नाममात्र दरात?

मच्छरदाण्या, जंताच्या गोळ्या, मास्क, कंडोम, पाणी शुद्ध करायचं क्लोरीन. सरकारनं हे फुकट द्यावं का, अशी चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: ‘फुकटच्या वस्तूची किंमत नसते.’ ऐकायला पटतं, पण पडताळणीत फारसं टिकत नाही.

पश्चिम केनियातल्या दवाखान्यांत गरोदर बायकांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या कुठे फुकट, कुठे सवलतीच्या दरात देऊन पाहिल्या. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शून्याऐवजी जेमतेम ०.६० डॉलर दर लावला, तर शंभरामागे साठ बायका मच्छरदाणी न घेताच परतल्या असत्या, असं त्यातून दिसलं. फुकट नेणाऱ्यांनी ती कमी वापरली, असंही आढळलं नाही. केनियातच शाळांमधल्या जंताच्या गोळ्यांना थोडी फी लावली, तेव्हा त्या घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्याही खाली आलं.

दराच्या बाजूनं एक पुरावा मात्र दमदार आहे. झांबियात क्लोरीनच्या बाटलीला जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या घरांनी ते पिण्याच्या पाण्यात जास्त वापरलं. बाटली घराच्या साफसफाईलाही चालते, त्यामुळे तिथे दर थोडीफार चाळणी लावतो. म्हणजे ज्या वस्तूचा दुसरा उपयोग सहज होतो, तिला दर लावण्याचा विचार करायला हरकत नाही. पण तो वसूल करायचा तर पावतीपुस्तक आलं, सुट्टे पैसे आले, हिशेबतपासणी आली. जमणारी रक्कम या खटाटोपाला पुरते का, हे आधी मोजावं.

‘फक्त गरिबांना फुकट’ हा मधला मार्ग कागदावर छान दिसतो. दाखले मागायला लागलं की ज्यांना द्यायचं, तेच आधी गळतात.

माझा कल स्पष्ट आहे. एकाचा रोग दुसऱ्याला लागत असेल, तर वस्तू फुकट द्यावी, कारण तिचा फायदा न घेणाऱ्यालाही होतो. निर्जंतुक सिरिंजसुद्धा यात येते. व्यसनाला खतपाणी घातल्याची ओरड होते, पण हिपॅटायटिस आणि एचआयव्ही सुईतून दुसऱ्यापर्यंत जातात, त्याचं काय?

मात्र नुसतं वाटप पुरत नाही. बांगलादेशात फुकट मास्कसोबत गावोगावी, बाजारात समजावणारी आणि आठवण करून देणारी माणसं नेमली, तेव्हा नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेलं. त्या माणसांचा खर्च अंदाजपत्रकात धरायलाच हवा.

पुनर्वाटपाचाही. औषधी मच्छरदाणी साधारण तीन वर्षांत बदलावी लागते. ती तरतूद नसेल तर पहिल्या वर्षी सगळीकडे वाटून मोकळं होण्यापेक्षा, जिथे साथीचा जोर जास्त आहे तेवढेच भाग घ्यावेत आणि तिथे पुरवठा खंडू देऊ नये.