अर्धवट मस्टँग विकायला काढताय? आधी मार्टी रिपोर्ट मागवा

मिशिगनमधल्या कँटनला माझ्या गॅरेजमध्ये फोर्डची 1968 ची फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची) मस्टँग खोलून ठेवलेली होती. फ्लोअर पॅन (तळाचे पत्रे) नवे वेल्ड केलेले, पुढचं सस्पेन्शन नवं, इंजिन स्टँडवर आणि बाकी संसार खोक्यांत. गुडघ्यांमुळे आता गाडीखाली शिरणं जमेना, म्हणून ऑनलाइन विकायला काढली. या विक्रीत सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल, तर तो मार्टी रिपोर्टचा.

1967 पासूनच्या फोर्ड, लिंकन आणि मर्क्युरी गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी फोर्डच्या परवान्याने मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. आपण चॅसी नंबर द्यायचा, की ती गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली ते लिहून येतं. स्टँडर्ड, डीलक्स आणि एलिट असे तीन प्रकार आहेत. मी डीलक्स घेतला.

नुसत्या चॅसी नंबरवरूनही बरंच कळतं. माझा 8एफ02जे असा सुरू होतो. 8 म्हणजे 1968, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 02 म्हणजे फास्टबॅक आणि जे म्हणजे चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं 302 घनइंचाचं इंजिन. पण रंग, गिअरबॉक्स, ॲक्सल हे सगळं ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर असतं, आणि आधीच्या कुठल्या तरी मालकाने ते दारच बदललं होतं. पट्टी गेली ती गेलीच. माझ्या हातात आली तेव्हा गाडी लाल होती; रिपोर्टमध्ये निघाली अकापुल्को ब्लू. डॅशबोर्डच्या आतला पत्रा खरवडला तर लालच्या खाली खरंच तो निळा. खरवडलेल्या जागेचा फोटो आणि रिपोर्टचं पान मी जाहिरातीत शेजारीशेजारी लावलं. सगळ्यात जास्त प्रश्न त्याच फोटोवर आले, आणि विचारणारे जाणकार होते.

आता भावाचं. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टीचं किंमत सांगणारं टूल मला आवडतं, पण त्यात अवस्थेच्या चारच पायऱ्या आहेत, आणि सर्वात खालची चौथी पायरीसुद्धा चालत्या गाडीची असते. खोललेली गाडी त्याच्याही खाली जाते. तिसऱ्या पायरीच्या किमतीतून उरलेल्या कामाचा खर्च वजा करून पाहिलं, तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही, कारण पत्र्याचं आणि रंगाचं काम बाहेरून करून घेतलं की तेच गाडीच्या किमतीला भिडतं. आपल्या पावत्यांची बेरीज तर घेणाऱ्याला ऐकवूच नये. तो खर्च आपण हौसेने केलेला असतो. मी ईबेवर विकल्या गेलेल्या गाड्यांचा फिल्टर लावून अर्धवट फास्टबॅक खरोखर कितीला गेल्या ते पाहिलं. मागितलेल्या किमतींकडे ढुंकूनही पाहू नका. आणि कूपेचे आकडे फास्टबॅकला लावू नका, दोन्हींचा बाजार वेगळा आहे.

एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने फोनवरच ‘पार्ट्स कार आहे’ (म्हणजे नुसती सुटे भाग काढायच्या कामाची) म्हणत भंगारचा भाव सांगितला होता. मी रिपोर्ट पाठवला, तसं त्याचं बोलणं बदललं. त्याला गाडी द्यायची नाही हे तेव्हाच ठरलं.

या रिपोर्टची मर्यादाही सांगायला हवी. कारखान्यातून काय निघालं एवढंच तो सांगतो, आज समोर काय उभं आहे ते नाही. माझं इंजिन 302 च, पण स्टार्टरच्या वर ब्लॉकवर ओतलेला नंबर डी ने सुरू होतो. फोर्डच्या पद्धतीत सी म्हणजे साठचं दशक आणि डी म्हणजे सत्तरचं, म्हणजे इंजिन नंतर बदललेलं. हे मी जाहिरातीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. गंजाचंही तसंच. या मस्टँग पुढच्या काचेखालच्या काउलमध्ये (तिथल्या पत्र्याच्या पोकळीत) कुजतात, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून बाटलीभर पाणी काउलच्या जाळीत ओतून, खाली पाय ठेवायच्या जागेत टॉर्च धरून व्हिडिओ काढला. डाव्या बाजूला कोरडं होतं, उजवीकडे थेंब पडले. तेही तसंच टाकलं. असा व्हिडिओ नसेल, तर घेणारा दोन्ही बाजू कुजल्यात असंच धरून बोली लावतो.

शेवटी ओहायोतल्या एका गृहस्थाने गाडी नेली. ट्रेलर लावल्यावर त्यांनी आधी डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावरचा नंबर रिपोर्टशी आणि टायटलशी (मालकीच्या कागदाशी) एकेक आकडा करत ताडून पाहिला, मगच पैशांचं बोलले. भाव मी मनात धरला होता त्याच्या आसपास मिळाला.

1965-66 ची मस्टँग असेल तर हा रिपोर्ट मिळणारच नाही, नोंदी 1967 पासूनच्या आहेत. सहा सिलिंडरच्या साध्या कूपेला स्टँडर्ड पुरे. चॅसी नंबरात इंजिनाचा जे, एस, आर असा कोड असेल, किंवा दारावरची पट्टी हरवली असेल, तर डीलक्सच घ्या. एलिट भिंतीवर लावायला छान आहे. अर्धवट गाडी विकायला त्याची गरज नाही.