मेडिएशनला अर्धा दिवस काढून जाऊ नका, पूर्ण दिवस काढा

आमचा वाटणीचा दावा, मी आणि मोठा भाऊ, साडेतीन एकर आणि एक सामाईक विहीर. कोर्टानं दावा मेडिएशन सेंटरला, म्हणजे मध्यस्थासमोर बसून बोलून तडजोड करायच्या ठिकाणी, पाठवला तेव्हा मला वाटलं नेहमीच्या तारखेसारखंच असेल, पुकारा होईल, पाच मिनिटं, पुढची तारीख. म्हणून ऑफिसातून हाफ डे घेऊन गेलो आणि तिथेच चुकलं.

पहिली बैठक तासाभराची. मेडिएटर मॅडमनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं की इथलं बोलणं जजसाहेबांपर्यंत जात नाही, सही करायची सक्ती नाही, नाहीच जमलं तर दावा कोर्टात परत जातो आणि पुढे चालतो. मग दादा बोलला, मग मी. वकिलांना जास्त बोलू दिलं नाही, ते फार बरं झालं.

खरा वेळ दुसऱ्या बैठकीत जातो. साडेदहाला गेलो, सव्वातीनला बाहेर पडलो. मॅडम एकेकाला वेगळं आत घेतात आणि आपण तिथे सांगितलेलं दुसऱ्या बाजूला कळवायचं की नाही ते आपल्याला विचारूनच ठरवतात, पण दादा आत पाऊण तास आणि मी बाहेर बाकावर, तेव्हा डोक्यात नको नको ते येतं, आत त्याची बाजू घेतायत की काय असं. तसं नसतं हो, माझ्या वेळी त्यालाही तेवढंच बाहेर बसावं लागलं. जमिनीचं अर्ध्या तासात मिटलं, पाण्याच्या पाळीवर दोन तास गेले. मला शुगर आहे, डबा नेला नव्हता, दोन वाजता अशी अवस्था की काहीही म्हणा, हो म्हणतो. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की आज डोकं चालत नाही, पुढची तारीख द्या, आणि मॅडमनी लगेच दिली. हे मागता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं!

तिसऱ्या वेळी फक्त सह्या म्हणून गेलो तर अडीच तास. तडजोड टाईप करताना गट नंबरात एक आकडा चुकलेला, चतुःसीमा परत तपासल्या, मोटारीचं बिल कोण भरणार तेही लिहून घेतलं. पाण्याची पाळी अशी ठरली: सोमवार ते बुधवार दादा, गुरुवार ते शनिवार मी, रविवार आईच्या भाजीच्या तुकड्याला. सातबारा बरोबर ठेवा, आमचा होता म्हणून चूक सापडली.

सेंटरमध्ये बाहेर एकच बाक, पिण्याचं पाणी वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, हे सुधारायलाच हवं. फी मात्र एक रुपया लागली नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात 120 दिवस आणि दोघांची संमती असेल तर आणखी 60 अशी मुदत लिहिलीय, आमचं सात आठवड्यांत झालं.