सोळा शाळा, दोन मैदानं: आंतरशालेय स्पर्धेत गट कसे पाडायचे?

समजा, तुमच्या हातात सोळा शाळांच्या प्रवेशिका आहेत. खेळ कबड्डी, मुलगे, सतरा वर्षांखालचे. दोन मैदानं आखलेली, शनिवार-रविवार हाताशी, पंच ठरलेले. आता भाग्यपत्रिका काढायची. बहुतेक ठिकाणी हे काम आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांत उरकतात: चिठ्ठ्या टाकायच्या, कोण कुणासमोर येतं ते बघायचं आणि चहा घ्यायचा. खरं तर स्पर्धा न्याय्य होणार की नाही, हे त्या दहा मिनिटांतच ठरतं. पंच कितीही चांगले असले तरी चुकीच्या गटात पडलेल्या पोरांना ते काही देऊ शकत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शासकीय शालेय स्पर्धांची चौकट ठरलेली असते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आणि १४, १७, १९ हे वयोगट तुम्हाआम्हाला बदलता येत नाहीत, आणि दहावीच्या क्रीडा गुणांचा हिशोबही बराचसा त्याच स्पर्धांवर चालतो. पण संस्थेची, मंडळाची, केंद्राची किंवा एखाद्या गावाने चषक ठेवून भरवलेली स्पर्धा पूर्णपणे आपल्या हातात असते. पुढची तुलना अशा स्पर्धांसाठी आहे.

मी प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारतो: सोळांतल्या सगळ्यात कच्च्या संघाला यातून काय मिळतं? चषक कोणत्याही पद्धतीत बहुतेक वेळा चांगल्याच संघाकडे जातो. फरक पडतो तो तळाला.

वय आणि वजन: लागतंच, पण पुरत नाही

वयोगट सगळेच पाळतात, आणि गट पाडण्याचं काम तिथेच संपलं असं समजतात. पण वयोगट फक्त वरची कड बांधतो, खालची नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी चषकाच्या सोळा वर्षांखालच्या सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ वर संपले. त्यांची मोठी मुलं परीक्षेच्या तयारीत अडकलेली असल्याने मैदानात बरीच लहान मुलं उतरली होती, हे तेव्हाच्या बातम्यांतही आलं होतं. प्रणवचं कौतुक योग्यच आहे, तो पूर्ण वेळ उभा राहून खेळला. पण नियमाच्या भाषेत दोन्ही संघ एकाच वयोगटातले होते, आणि तरीही निकाल एक डाव १३८२ धावांचा लागला. वयोगट एवढंच सांगतो की कुणी थोराड मुलगा घुसवलेला नाही. दोन संघ तुल्यबळ आहेत, असं तो सांगत नाही.

कबड्डीत वजनाची मर्यादा असते, आणि ती असायलाच हवी. संघटनेच्या स्पर्धांत किशोर आणि कुमार गटांना ती वेगवेगळी असते. अंगावर येणाऱ्या खेळात शरीराचा फरक धोक्याचा असतो. फक्त एक काळजी घ्या. वजन सकाळी होणार म्हटलं की काही पोरं आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेत नाहीत आणि मग तसेच दोन सामने खेळतात. एकदा माझ्याच संघातला एक जण दुसऱ्या सत्रात चक्कर येऊन बसला होता. तेव्हापासून मी सांगतो: वजन आठवडाभर आधी शाळेतच घ्या, स्पर्धेच्या सकाळी अर्धा-एक किलो सूट ठेवा, आणि तशी अट प्रवेशिकेवरच छापा.

पटसंख्या: अमेरिकेत चालते, आपल्याकडे फसते

लहान शाळा एका गटात, मोठ्या दुसऱ्या गटात, हा मार्ग ऐकायला सगळ्यात सरळ वाटतो. अमेरिकेतल्या हायस्कूल स्पर्धा बऱ्याच अंशी यावरच उभ्या आहेत. इंडियाना राज्यात मात्र बास्केटबॉलला १९९७ पर्यंत सगळ्या शाळांची एकच स्पर्धा होती. तिथे १९५४ साली १६१ पटाच्या मायलन गावच्या शाळेने मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवलं आणि राज्याचं अजिंक्यपद नेलं. ती गोष्ट तिकडे अजून सांगतात. तरी १९९७ नंतरच्या हंगामापासून त्या राज्याने पटसंख्येनुसार चार वर्ग केले, कारण एका मायलनमागे पहिल्याच फेरीत घरी जाणाऱ्या शेकडो शाळा होत्या. जुनी स्पर्धा गेल्याची हळहळ तिथे आजही आहे, आणि ती मला समजते.

पटसंख्येची खरी अडचण वेगळीच आहे. ज्या शाळेला हद्द नाही, जी दुरून मुलं घेऊ शकते, तिचा पट कमी असला तरी संघ तगडा असतो. इलिनॉयमध्ये म्हणूनच अशा शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून मग गट ठरवतात. काही अपवाद आहेत, पण तत्त्व हेच. आपल्याकडे याचं जुळं उदाहरण म्हणजे क्रीडा प्रबोधिनी. राज्यभरातून निवडलेली मुलं तिथे राहून सराव करतात, त्यामुळे राज्य पातळीवर काही खेळांत आठ विभागांच्या बरोबरीने प्रबोधिनीचा स्वतंत्र संघ उतरतो. एखाद्या तालुक्याच्या संघात तिला मिसळलं असतं, तर त्या तालुक्यातल्या बाकीच्या मुलांची वाटच बंद झाली असती.

आणि कबड्डी-खोखोत पटसंख्या उलटीच पडते. दीडशे पटाच्या आश्रमशाळेत संध्याकाळी सगळी शाळा मैदानावर असते. दोन हजार पटाच्या शहरी शाळेत मैदानच नसतं, आणि शिकवणीला जायच्या आधी अर्धा तास मिळाला तर मिळाला. पटावरून गट पाडलात तर त्या आश्रमशाळेला ‘लहान’ गटात टाकाल, आणि ती तिथल्या सगळ्यांना धुऊन काढेल. क्रिकेटमध्ये, जिथे साहित्य, जाळी, प्रशिक्षक यांना पैसा लागतो, तिथे पट आणि फी यांवरून काही अंदाज बांधता येतो. देशी खेळांत मी ही पद्धत वापरणार नाही.

गेल्या वर्षीचा निकाल

पुढचा मार्ग असा: गेल्या वर्षीच्या पहिल्या आठांना अ गट, बाकीच्यांना ब गट. क्लबांच्या स्पर्धेत हे चालतं, कारण तिथले खेळाडू टिकून असतात. शाळेचा संघ दर जूनमध्ये नवा होतो. दहावीची सहा पोरं बाहेर पडली की गेल्या वर्षीचा विजेता यंदा बाराव्या क्रमांकाचा संघ असू शकतो, आणि त्या बिचाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना थोरल्या भावांच्या पराक्रमाची किंमत अ गटात मोजावी लागते. इंडियानात यश मोजून संघाला वरच्या वर्गात चढवण्याची रीत आहे, पण तिथेही ते दोन वर्षांचे गुण मिळून ठरतं.

तरीही जुना निकाल फेकून देऊ नका. गट ठरवायला तो कच्चा आहे, पण मानांकनाला, म्हणजे तगडे संघ आधीच वेगवेगळ्या जागी ठेवायला, उपयोगी आहे. प्रवेशिकेवर तीन प्रश्न छापा: गेल्या वर्षी कुठपर्यंत पोचलात, त्या संघातले किती जण यंदा खेळतायत, आणि यंदा आतापर्यंत किती सामने खेळलात. या तीन उत्तरांवरून पहिले चार संघ कुठलाही जाणता क्रीडा शिक्षक ओळखू शकतो. तेवढ्याच चौघांना मानांकन द्या, उरलेल्या बारांची चिठ्ठी काढा. त्या चौघांसकट सगळ्यांच्याच चिठ्ठ्या काढल्या, तर पहिले दोन उत्तम संघ एकाच अर्ध्यात येऊन अंतिम सामन्याआधीच भिडण्याची शक्यता पंधरात सात, म्हणजे जवळजवळ निम्मी असते.

यंदाच्या खेळावरून गट: माझी निवड

दक्षिण कॅलिफोर्नियात शाळेचा आकार बाजूला ठेवून संघाच्या कामगिरीवरून बाद फेरीचे विभाग ठरवतात. त्यांच्या फुटबॉलला तर चालू हंगामातल्या सामन्यांवरून. त्यासाठी तिथे हंगामभराच्या निकालांची नोंद असते. आपल्याकडे तशी नोंद नाही. पण स्पर्धेची पहिली फेरीच त्यासाठी वापरता येते.

चार-चार संघांचे चार गट करा आणि गटात साखळी खेळवा. प्रत्येक गटातले पहिले दोन सुवर्ण चषकाच्या बाद फेरीत जातील, उरलेले दोन रौप्य चषकाच्या. गट भरताना नागमोडी जा: एका गटात १, ८, ९, १६, दुसऱ्यात २, ७, १०, १५, तिसऱ्यात ३, ६, ११, १४, चौथ्यात ४, ५, १२, १३. क्रमांकांची बेरीज प्रत्येक गटात ३४ येते. फक्त चौघांनाच मानांकन असेल तर ते चार वेगवेगळ्या गटांत टाका, बाकी चिठ्ठी.

वेळ बसते का? या वयात १५-५-१५ मिनिटांचा सामना म्हणजे मैदान मोकळं होईपर्यंत पाऊण तास. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाचा तास सोडला तर एका मैदानावर दहा सामने. दोन मैदानं, दोन दिवस: चाळीस सामने. त्या चाळिसांत काय बसतं ते बघा:

| पद्धत | एकूण सामने | प्रत्येक संघाला किमान |
|---|---|---|
| सरळ बाद | १५ | १ |
| साखळी, मग आठांची बाद फेरी | ३१ | ३ |
| साखळी, मग सुवर्ण आणि रौप्य | ३८ | ४ |
| स्विस (पद्धत खाली सांगितली आहे), चार फेऱ्या | ३२ | ४ |
| सगळ्यांशी सगळे | १२० | १५ |

सरळ बाद पद्धतीत आठ शाळा पहिल्या सामन्यानंतर घरी जातात. पहाटे पाचला एसटी पकडून, डबा बांधून आलेली पोरं तीस मिनिटं खेळून परत. शासकीय स्पर्धांत नाइलाज असतो. आपल्या स्पर्धेत तो नसतो. सोळाव्या क्रमांकाच्या संघाला सुवर्ण-रौप्य रचनेत एक मार खावा लागेल, दोन कठीण सामने होतील, आणि चौथा सामना रौप्यमध्ये, बरोबरीच्या जवळपास असलेल्यांशी. मी हे पाहिलंय: शनिवारी तिन्ही सामने हरलेला संघ रविवारी रौप्यच्या उपउपांत्य सामन्यात पहिली लोण चढवतो आणि अख्खं मैदान उभं राहतं. ती मुलं पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

या रचनेला दोन रोग लागू शकतात. पहिला म्हणजे मुद्दाम हरणं, सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्यांना याच कारणावरून बाद केलं होतं. साखळी संपायच्या आधीच पुढची भाग्यपत्रिका ठाऊक असेल तर हा मोह होतोच. उपाय सोपा आहे: गटातले शेवटचे दोन सामने दोन्ही मैदानांवर एकाच वेळी सुरू करा, आणि सुवर्ण-रौप्यच्या चिठ्ठ्या साखळी संपल्यावर सगळ्या कर्णधारांसमोर काढा. गटविजेते एकमेकांसमोर येणार नाहीत एवढंच बघा. रौप्यचा चषक छोटा ठेवा, पण ठेवा.

दुसरा रोग अधिक नेहमीचा. बरोबरी फोडायला गुणफरक धरला की तगडा संघ कच्च्याला ६० गुणांनी हरवायला बघतो, कारण नियमच त्याला तसं सांगतो. गुणफरकाला छत घाला: एका सामन्यातला फरक कितीही असो, हिशोबात वीसपेक्षा जास्त धरायचा नाही. आणि प्रो कबड्डीत २०२४ पर्यंत होतं तसं, सात किंवा कमी गुणांनी हरलेल्याला एक गुण द्या. मग शेवटच्या मिनिटाला हरणाऱ्या संघाकडेही चढाईला कारण उरतं.

स्विस पद्धत, म्हणजे बुद्धिबळात असते तशी, प्रत्येक फेरीत सारख्या गुणांच्या संघांची जोडी लावणं. सोळा संघ असतील तर चौथ्या फेरीत अपराजित दोघेच उरतात आणि तोच अंतिम सामना ठरतो. न्यायाच्या दृष्टीने ही कदाचित सगळ्यात स्वच्छ पद्धत आहे. अट एवढीच की सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढाया देऊन निकाल लावायचा, आणि दर फेरीनंतर टेबलावर बसून जोड्या बिनचूक लावणारं माणूस हवं. असं माणूस तुमच्याकडे असेल तर जरूर करून बघा. गावातल्या प्रेक्षकांना उपांत्य, अंतिम हे शब्द हवे असतात, म्हणून मी अजून सुवर्ण-रौप्यवरच आहे.

मुलींच्या स्पर्धेला हे काहीच लागू करू नका, कारण तिथे प्रवेशिका पाच-सहाच येतात. सहा संघ असतील तर सगळ्यांशी सगळ्या, पंधरा सामने, एका मैदानावर दोन दिवसांत आरामात होतात. सहा संघांचे दोन गट पाडून मुलींना दोन-दोन सामन्यांत घरी पाठवणं मला पटत नाही. मुलांच्या ३८ सामन्यांपुढे त्यांचे पंधरा बसत नसतील, तर तिसरं मैदान आखा. फक्की मारायला एक सकाळ लागते.